शाळा साडेतीनशे मीटरवर, वाट सव्वादोन किलोमीटरची

वळसेवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच माफी मागते.

आमचं उपनगर तुकड्यातुकड्यांनी वाढलं. एकेका विकासकाने एकेक तुकडा घेतला, भोवती भिंत घातली, आत गल्ल्या काढल्या आणि सगळ्या गल्ल्यांची तोंडं एकाच मोठ्या रस्त्यावर नेऊन सोडली. परिणाम असा की माझ्या मागच्या खिडकीतून मुलीच्या शाळेचं मैदान दिसतं. मधल्या सुट्टीची घंटा घरात ऐकू येते. आमची भिंत, तिच्यामागे एक ओढा, ओढ्यापलीकडे शाळेची मागची बाजू. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ३५० मीटर. पायी जायचं तर २,२३० मीटर. मोजलंय, एकदा नाही, तीनदा. गल्लीतून बाहेर, चौपदरी रस्त्याच्या कडेने फाट्यापर्यंत, तिथे रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून तेवढंच पुन्हा मागे यायचं.

मुलगी अकरा वर्षांची. सायकल झकास चालवते, पण गल्लीच्या टोकापर्यंतच. रोज सकाळी मी तिला गाडीने सोडते, शाळेच्या दारात लागणाऱ्या रांगेला मनातल्या मनात शिव्या घालते आणि मग आठवतं की त्या रांगेतली एक गाडी माझीच आहे.

आता मुद्द्याचं. पायी चालणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी काहीतरी करायला रहिवासी समितीकडे यंदा थोडी रक्कम आलीये. बहुतेकांचा कल बागेभोवती लाल रंगाचा सायकल ट्रॅक करण्याकडे आहे. ६०० मीटरचा गोल, कडेला बाकं, शोभेचे दिवे. मी बैठकीत विचारलं, गोल गोल फिरून माणूस पोचणार कुठे? त्यावर एक काका म्हणाले, "आधी सवय तर लागू दे." माझ्याकडे उत्तर नव्हतं, नुसती चिडचिड होती, आणि चिडचिडीवर ठराव होत नाहीत.

तर सांगा, थोड्या पैशात पहिलं काम कुठलं धरावं? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी आवर्जून लिहा. "परदेशात बघा कसं असतं" एवढ्यावर थांबू नका. तिथे काय केलं आणि ते का चाललं, तेही सांगा.

जुना आराखडेवाला

ताई, मी हयातभर रस्त्यांचे आराखडे काढले. तुमच्यासारख्या वसाहतीही काढल्यात, त्यामुळे या पापात माझाही वाटा आहे.

बंद गल्लीची कल्पना मुळात वाईट नव्हती. घरासमोरून परक्या गाड्यांची वर्दळ नको, मुलं खेळू शकली पाहिजेत, हा हेतू. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९२९ साली रॅडबर्न नावाची वसाहत उभी राहिली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या दोघांनी ती आखली. गाड्यांसाठी बंद गल्ल्या आणि घरांच्या दुसऱ्या बाजूला हिरवळीतून जाणाऱ्या पायवाटा. मोठा रस्ता आडवा आला तर पायवाट त्याच्या खालून बोगद्यातून पलीकडे. म्हणजे गाडीला वळसा आणि पायाला सरळ वाट. पुढे जगभर याची नक्कल झाली ती अर्धवट. बंद गल्ली घेतली आणि मागची पायवाट वगळली, कारण पायवाटेच्या जागेवर आणखी चार घरं बसत होती. हे मी ऐकीव सांगत नाही. असे दोन आराखडे माझ्या हातून दुरुस्त होऊन गेलेत. "दुरुस्त" हा तिथला शब्द.

म्हणून तुमचं पहिलं काम मागचं दार. तुमच्याच आकड्यांत बघा: २,२३० भागिले ३५०, म्हणजे सहा पटींहून जास्त वळसा. बुद्धिबळाच्या पटासारख्या काटकोनी गल्ल्या असत्या, तर सगळ्यात वाईट वळसादेखील १.४१ पटीच्या वर गेला नसता. तासाला ५ किलोमीटर चालणाऱ्या माणसाला ३५० मीटरला चार मिनिटं लागतात, २,२३० मीटरला सत्तावीस. गाडीत बसलेल्याला हा फरक कळतही नाही. तुमच्याकडे लोक आळशी म्हणून गाडी काढत नाहीत, भूगोलच तसा करून ठेवलाय.

आता दार करायचंच तर कसं, ते सविस्तर लिहितो, कारण मी घोळ पाहिलेत ते इथेच.

रुंदी: पायी आणि सायकल एकाच वाटेने जाणार असतील तर पूल तीन मीटरपेक्षा अरुंद नको. पैसे वाचवायला कुणीतरी दीड मीटर सुचवेल. दीड मीटरच्या पुलावर समोरून व्हीलचेअर आली की सायकलवाल्याला उलटं मागे जावं लागतं.

चढ: दोन्ही टोकांना पायऱ्या नकोत, उतार हवा. बाराला एक, म्हणजे बारा मीटर लांबीत एक मीटर चढ, ही व्हीलचेअरची कमाल मर्यादा, आदर्श नव्हे. जागा असेल तर वीसला एक ठेवा, सायकलवरून उतरावं लागत नाही.

अडसर: इथे भांडण होणार. मोटारसायकली शिरतील म्हणून लोक नागमोडी कठडे किंवा फिरतं दार लावायला सांगतात. नीट ऐका, मोटारसायकल अडवणारं दार व्हीलचेअर, बाबागाडी आणि तीनचाकी सायकलही अडवतं. मध्ये एकच खांब रोवा, दोन्ही बाजूंना दीड मीटर मोकळं सोडा. मोटार येणार नाही. मोटारसायकलवाला येऊ शकतो. त्याचा बंदोबस्त माणसांनी करायचा, लोखंडाने होत नाही. खांबाला चमकपट्टी लावा, नाहीतर अंधारात सायकल त्यावरच आदळते.

नजर: वाटेच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दुसरं टोक दिसलं पाहिजे. वळण असलेल्या बोळात संध्याकाळनंतर बायका जात नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं. दिवे शोभेचे नकोत, समोरच्याचा चेहरा दिसेल असे हवेत.

ओढा: पात्र अरुंद करू नका. खांब पात्रात न घेता काठावर घ्या आणि पुराची पातळी माहीत असलेल्या माणसाकडून उंची ठरवून घ्या. ही परवानगी वेळखाऊ असते, म्हणून अर्ज आजच करा.

आणि भिंतीलगतच्या घरांतून विरोध येणार: "चोर येतील." माझ्या एका कामात यावर तोडगा म्हणून दाराला कुलूप घातलं, संध्याकाळी सातला बंद. आठवडाभरात शिकवणीहून परतणारी मुलं त्याच दारावरून चढून यायला लागली, आणि एकाचा हात मोडला. कुलपाचं दार म्हणजे बिजागरी लावलेली भिंत.

गाडीवाला, प्रामाणिक

पूल होईल तेव्हा होईल. तोवर? आणि ज्यांना शाळेत नाही, फाट्यापलीकडे जायचंय त्यांचं काय? फक्त एक विनंती, मोठा रस्ता अरुंद करायचा घाट घालू नका. आधीच सकाळी कोंडी असते. मीही त्याच रांगेत असतो.

दोन चाकं

प्रामाणिक गाडीवाले, तुमचा पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्यावर थोडं भांडतो.

वळसेवाली ताई, तुमच्या काकांचं "आधी सवय" हे उलट्या टोकाने धरलेलं आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात रॉजर गेलर नावाच्या सायकल नियोजकाने २००६ साली लोकांचे चार गट सांगितले. कसाही रस्ता असो, सायकल चालवणारे शेकडा एकसुद्धा नाहीत. बरी सोय झाली की उत्साहाने येणारे सुमारे ७. काही केलं तरी न चालवणारे ३३. आणि उरलेले ६० आवड असलेले, पण घाबरणारे. हा त्याचा अनुभवी अंदाज होता, मोजणी नव्हे. पण तुमच्या गल्लीतही हाच हिशेब निघेल. त्या साठांना सायकल येते. त्यांची भीती जात नाही. तुमची मुलगी त्यातलीच, आणि बागेभोवती हजार फेऱ्या मारून फाट्याची भीती तसूभर कमी होणार नाही.

भीती खरी आहे म्हणून थोडं गणित करतो. ताशी ३० म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, ५० म्हणजे १३.९. चालकाचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले धरा. तीसवाली गाडी सुमारे १३ मीटरवर थांबलेली असते. पन्नासवाल्याचा पाय तेवढ्या अंतरात ब्रेकला लागलेलाही नसतो. म्हणजे एकाच जागी एक गाडी उभी आहे आणि दुसरी पूर्ण वेगात. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास २.८ पट. आता गल्लीतल्या वेगाबद्दल कुणाशी वाद झाला तर एवढंच सांगा.

त्यामुळे वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांत ट्रॅक रंगवण्यात पैसे घालू नका. तिथे वेग तीसच्या खाली आणि आरपार जाणारी गाडी बंद, एवढं झालं की सगळी गल्लीच सायकलची. ट्रॅक लागतो तो मोठ्या रस्त्यावर, आणि तिथे पांढऱ्या पट्ट्याने भागत नाही. मध्ये उंचवटा हवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत ट्रॅकचं पार्किंग होतं.

परदेशात का चाललं म्हणालात ना? नेदरलँड्सचे लोक सायकलवर जन्माला येत नाहीत. साठच्या दशकात तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेंवर मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांच्या हत्या थांबवा" असं त्या चळवळीचं नावच होतं. डेल्फ्ट शहरात राहत्या गल्ल्यांत झाडं, बाकं, वाकडी वळणं घालून गाडीला माणसाच्या चालीने चालायला लावलं, आणि अशा गल्ल्यांना १९७६ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली. ग्रोनिंगेनमध्ये १९७७ साली शहराच्या मध्याचे चार भाग केले: गाडीने एका भागातून शेजारच्या भागात थेट जाता येत नाही, बाहेरच्या रिंगरोडवरून फिरून जावं लागतं, सायकल सरळ जाते.

उलट उदाहरणही घ्या. इंग्लंडमधल्या स्टीव्हनेज या नव्या नगरात एरिक क्लॅक्स्टन या अभियंत्याने स्वतंत्र सायकलमार्गांचं अख्खं जाळं बांधलं, रस्त्यांखालून बोगद्यांसकट. पण सोबत मोटारीचे रस्तेही इतके ऐसपैस केले की गाडी काढणं जास्त सोपं पडलं. मार्ग उत्तम, सायकली थोड्या. हे काकांना जरूर सांगा. फक्त ट्रॅकने सवय लागत असती तर स्टीव्हनेजला लागली असती.

गाडीवाले, म्हणून रस्त्याचं बोलावं लागतं. तरी अरुंद नका करू, चला. फक्त फाट्यावरचे कोपरे बघा. कोपऱ्याची गोलाई मोठी असली की गाडी वेग न तोडता वळते. गोलाई कमी केली की चालक आपोआप हळू होतो, आणि ओलांडायचं अंतरही घटतं. एकही पदर जात नाही. आधी वाळूची पोती ठेवून महिनाभर करून बघा, नाही जमलं तर उचला. आणि कोपऱ्यापासून पाच-सहा मीटरपर्यंत गाडी उभी करू देऊ नका. उंच गाडीमागून निघालेलं मूल चालकाला दिसतच नाही.

पांढरी काठी

सायकलवाल्यांचा सगळा उत्साह मान्य, पण एक आठवण करून देतो. मला दिसत नाही. सायकलला आवाज नसतो. पायी आणि सायकल "एकाच वाटेने" हे आराखडेवाल्या काकांनी सहज लिहून टाकलंय. माझ्यासाठी ती वाट म्हणजे पाठीमागून कधीही येणारा वारा. पुलावर जागा नसेल तर समजू शकतो, पण जिथे जागा आहे तिथे दोन पातळ्या करा. सायकलची वाट पाच-सहा सेंटिमीटर खाली असली तरी काठीला कळतं. नुसता रंग वेगळा केला तर मला काय?

रेघांच्या आणि ठिपक्यांच्या पिवळ्या फरश्या पाहिल्या असतील. जपानमध्ये सेइची मियाके यांनी त्या तयार केल्या, १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. रेघ म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. इतकी साधी भाषा. पण बसवणाऱ्याला ती येत नसली की काय होतं ते मी भोगलंय: सलग रेघांवरून निश्चिंत चालत गेलो आणि विजेच्या खांबाला कपाळ लागलं. कंत्राटदाराने फरशी सरळ नेली, खांब आधीपासून होता, दोघांनीही आपापलं काम केलं.

दुसरं, फुटपाथ. प्रत्येक घराच्या फाटकासमोर फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. शंभर मीटरमध्ये आठदा उतर-चढ. मग डोळस माणूसही खालून रस्त्यानेच चालतो, आणि लोक म्हणतात, फुटपाथ बांधून उपयोग काय, कुणी वापरत नाही. फुटपाथ सपाट राहू द्या, गाडीला चढून-उतरून आत जाऊ द्या. तिला इंजिन आहे.

तिसरं, मोठा रस्ता. चौपदरी म्हणजे १४ मीटर धरू. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या हिशेबाने १२ सेकंद. सेकंदाला ०.८ ने चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला साडेसतरा लागतात. सिग्नल बाराचा असेल तर तो माणूस तिसऱ्या पदरातच अडकणार. वेळ वाढवता येत नसेल तर मध्ये थांबायला जागा तरी हवी, ओलांडायच्या दिशेने दोन मीटर. सायकल पावणेदोन-दोन मीटर लांब असते, नाहीतर तिचं मागचं चाक रस्त्यात राहतं.

हळूबाई

मुली, बाकांना हसू नकोस. मी सत्तरी ओलांडलेली आहे. मला दोनशे मीटरवर टेकायला मिळालं तर मी दोन किलोमीटरही जाईन. नाही मिळालं तर फाटकापर्यंतच. बागेभोवती बाकं नकोत हे खरं. ती वाटेवर हवीत, आणि सावलीत. आणि हाताला आधार असलेली, नाहीतर बसलं की उठवायला माणूस लागतं.

वळसेवाली

सगळ्यांचे आभार. हळूबाई, कान पकडले.

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण मधल्या काळात बरंच घडलं. आराखडेवाल्या काकांचं उत्तर छापून बैठकीत नेलं. "सवय" वाल्या काकांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "पण त्या बाजूने जाणार किती जण? उगाच दहा जणांसाठी पूल?" मला राग यायच्या आत मुलगी, जी कंटाळून मागे बसली होती, म्हणाली, "जातात की. भोकातून."

कसलं भोक? मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नेऊन दाखवलं. आमच्या शेवटच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे, भिंतीचे सात-आठ दगड कुणीतरी केव्हाच काढलेत. पलीकडे ओढ्यावर दोन फळ्या टाकल्यात, एक नवी, एक कुजलेली. आणि भिंतीपासून फळ्यांपर्यंत गवतात एक वाट. इतकी गुळगुळीत, की ती रोज शेकडो पावलांची आहे हे सांगायला अभियंता नको. शाळेच्या बाजूला तारेचं कुंपण एका जागी बरोब्बर मुलाच्या उंचीएवढं वाकवलेलं. मी वर्षभर रोज २,२३० मीटर गाडी हाकतेय आणि माझ्याच पोरीच्या वर्गातली मुलं चार मिनिटांत शाळेत पोचताहेत. तिला विचारलं, तू कधी गेलीस का? ती ओढ्याकडे बघायला लागली. पुढे विचारलं नाही.

मग मी एक धूर्तपणा केला, तो मात्र स्वतःच्या डोक्याने. त्या काकांनाच मोजणीला बसवलं. सकाळी सात ते आठ, टाकीच्या कट्ट्यावर, वही घेऊन. पहिल्या दिवशी ३१ जण. दुसऱ्या दिवशी ३४. त्यात मुलं होतीच, पण घरकामाला येणाऱ्या बायका, शाळेतला एक शिपाई, आणि एक गृहस्थ सायकल डोक्यावर घेऊन. काकांनी प्रत्येकापुढे वय अंदाजे लिहिलंय आणि "फळीवर घसरले का" असा वेगळा रकाना केलाय. दोन दिवसांत दोघे घसरले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः फळी ठोकायला हातोडा घेऊन गेले.

ठराव असा झालाय: बागेचा ट्रॅक सध्या बाजूला. पुलाचा अर्ज, फाट्याच्या दोन कोपऱ्यांवर महिनाभर वाळूची पोती, आणि फुटपाथवर पहिल्या टप्प्यात चार बाकं, हातांसकट. पांढरी काठी, आमच्या रस्त्यावरच्या पिवळ्या फरश्या मी तपासल्या. एक रांग थेट झाडात जाते. पत्र दिलंय.

अडलंय ते शाळेपाशी. शाळा म्हणते, मागच्या बाजूला दार केलं तर तिथे सकाळ-दुपार लक्ष ठेवायला माणूस कोण देणार? पुढच्या दारावर एक आहे, दुसरा ठेवता येत नाही. यावर कुणी काही केलंय का?

दोन चाकं

आईबापांनी पाळीपाळीने मुलांचा घोळका चालवत न्यायचा, "पायी बस" म्हणतात त्याला. ठरलेली वेळ, ठरलेले थांबे, पुढे एक मोठा आणि मागे एक मोठा. दाराशी पोचल्यावर त्या दोघांतला एक पंधरा मिनिटं थांबला की शाळेला वेगळा माणूस लागत नाही. दुपारचं मात्र अवघड जातं, शाळा सुटताना सगळे कामावर असतात.

हळूबाई

दुपारी मी बसेन. दाराजवळ बाक टाका.

जुना आराखडेवाला

ताई, पुलाचा नकाशा काढाल तेव्हा जागा बदलायला लावू नका. कुणीतरी म्हणेल, पन्नास मीटर पुढे घ्या, तिथे जमीन सपाट आहे. भोक आहे तिथेच घ्या. आणि ती वही जपून ठेवा. अर्जाला तिची प्रत जोडा, घसरल्याच्या रकान्यासकट.